बोनसायचा ट्रे सगळ्यात शेवटी घ्या

बोनसाय करायचं ठरलं की बहुतेक जण आधी ट्रे विकत आणतात. निळा, चकचकीत, जेमतेम दोन इंच खोल. मग नर्सरीतून एखादं सडपातळ रोप येतं, त्याची मुळं कापून ते ट्रेमध्ये बसवलं जातं, फांद्यांना तार गुंडाळली जाते आणि खोड जाड होण्याची वाट बघणं सुरू होतं. ते जाड होत नाही. उथळ ट्रेमध्ये झाड जगतं, पण अंगाने भरत नाही. पेन्सिलीएवढं खोड पाच वर्षांनी फार तर करंगळीएवढं होतं.

‘बोनसाय’ या जपानी शब्दाचा अर्थच ‘ट्रेमध्ये लावलेलं’ असा असल्यामुळे ही चूक होणं साहजिक आहे. खरा क्रम असा: आधी मुळं, मग खोड, मग मुख्य फांद्या, मग बारीक फांद्या आणि सगळं जमल्यावर ट्रे. या क्रमाने गेलं तर नर्सरीतल्या अगदी साध्या रोपापासून चार-पाच वर्षांत बघण्यासारखं झाड होतं.

कोणतं झाड घ्यायचं

पहिलं झाड नांदरुकाचंच घ्या. नर्सरीत हे ‘फायकस’ म्हणूनच मिळतं. मायक्रोकार्पा, लाँग आयलंड, पांडा अशी नावं ऐकायला मिळतील, त्यातलं कुठलंही चालेल. हे वड-पिंपळाच्याच गोतावळ्यातलं झाड. बुंधा कापला तरी उघड्या खोडावर डोळे फुटतात, मुळं छाटलेली सहन होतात, जखम लवकर भरते आणि पानं मुळातच लहान असतात. चुका पचवणारं याच्याइतकं झाड आपल्या हवेत दुसरं नाही.

जेड (जाड, गोल, लहान पानांचं, लालसर खोडाचं), बोगनवेल, कुंती आणि चिंच हीसुद्धा चांगली आहेत. चिंच हळू वाढते, पण पानं इतकी बारीक की लहान झाडही मोठ्या वृक्षासारखं दिसतं. भिंतीत उगवलेला पिंपळ फुकट मिळतो म्हणून अनेकांची सुरुवात त्याने होते. पण पिंपळाचं पान मोठं आणि त्याचा देठ लांब. पान छाटून छाटून लहान केलं तरी देठ लोंबतच राहतो, त्यामुळे दोन फुटांपेक्षा लहान पिंपळ बहुधा बेढब दिसतो. वडालाही हाच हिशेब. केळ, नारळ, पामसारख्या झाडांना फांद्याच नसतात, तेव्हा त्यांचं बोनसाय होत नाही.

नर्सरीत रोप निवडताना शेंडा बघू नका, बुंधा बघा. पिशवीतली वरची माती बोटाने इंचभर बाजूला सारा. बुंध्यापासून तीन-चार बाजूंना मुळं पसरलेली दिसली, खोड तळाशी जाड आणि वर बारीक होत गेलेलं असलं आणि खालच्या सहा इंचांत दोन-तीन फांद्या असल्या, तर रोप घ्या. एकाच बाजूला मुळं असलेलं किंवा मुळाने खोडालाच विळखा घातलेला असेल ते सोडून द्या. उंची, गर्द पानं, चकाकी याला इथे काही किंमत नाही. चार फुटांचं सरळसोट रोप शेवटी सहा इंचांवर कापावंच लागणार.

दुकानात मिळणारं, तळाशी रताळ्यासारखी फुगलेली मुळं असलेलं फायकस ‘तयार बोनसाय’ म्हणून खपवतात. तेही नांदरुकच, पण वर दुसऱ्या जातीच्या फांद्या कलम केलेल्या असतात आणि कलमाची गाठ जन्मभर दिसत राहते. शिकण्यासाठी साधं रोपच बरं.

माती म्हणजे माती नव्हे

कुंडीतल्या बोनसायला बागेतली माती चालत नाही. काळी माती तर मुळीच नाही: ती भिजली की फुगते, वाळली की तडकते आणि तडकताना बारीक मुळं तोडते. लागतं ते खडेदार मिश्रण, ज्यातून पाणी सरळ खाली जाईल आणि खड्यांच्या मधल्या फटींत हवा राहील.

प्रमाण असं ठेवा: भाजलेल्या विटेचा चुरा २ भाग, जाड रेती १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत १ भाग. खडे गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान नकोत आणि हरभऱ्यापेक्षा मोठे नकोत. चुरा गव्हाच्या चाळणीने चाळा. खाली पडेल तो फेकायचा, वर राहील तो ठेवायचा. नवशिक्यांना हे उलटं वाटतं, कारण कुंडीत घालायची माती आपण नेहमी बारीक करत आलोय. पण विटेची भुकटी पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते, भोकं बुजवते आणि सहा महिन्यांत तळाशी चिखलाचा थर तयार होतो. मुळं तिथूनच कुजायला लागतात.

पाडलेल्या भिंतीच्या विटा घेऊ नका, त्यांना चिकटलेलं सिमेंट आणि चुना मिश्रण अल्कधर्मी करतात. समुद्राच्या रेतीत मीठ असतं. बांधकामाची क्रश सँड वापरायची असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चुरा सहज मिळतो, तो विटेऐवजी चालतो. पाऊस जास्त असल्याने तिथे खताचा भाग निम्मा करा. नर्सरीवाले सुचवतात तसं कोकोपीट ओतू नका. ते पावसाळ्यात स्पंजासारखं ओलं राहतं.

मिश्रण जमलं की नाही हे तपासायला भोकाच्या कुंडीत ते भरा आणि तांब्याभर पाणी ओता. पाणी वर साचून न राहता पाच-दहा सेकंदांत खाली गेलं पाहिजे.

पहिलं काम: मुळं

वेळ महत्त्वाची. मुंबई, पुणे, कोकण या भागात फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत किंवा पाऊस लागल्यावर जूनमध्ये. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासूनच ऊन भाजायला लागतं, त्यामुळे फेब्रुवारी गाठा, नाहीतर सरळ जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबा. थंडीत नांदरुकाची वाढ मंदावलेली असते, तेव्हा कापलेली मुळं परत फुटायला फार वेळ लागतो.

हाताशी ठेवा: चांगली धारेची कात्री (सिकेटर), जुना काटा-चमचा किंवा बांबूची काडी, पाण्याचा फवारा, १२ इंच रुंद आणि ५-६ इंच खोल प्लॅस्टिकचा टब, भोकांवर टाकायला जाळीचे तुकडे, दीड-दोन मिमी जाडीची तार आणि फरशीचा हातभर नव्हे, तळहाताएवढा एक सपाट तुकडा. टबाला तळाशी बोटभर रुंदीची निदान सहा भोकं पाडा.

आदल्या दिवशी रोपाला पाणी देऊ नका, म्हणजे माती चिखल न होता सुटते. सावलीत बसा. पिशवी फाडून मातीचा गोळा बाहेर काढला की तळाशी गोल गोल फिरलेल्या मुळांची चकती दिसेल. ती चकती सरळ कापून टाका. मग काडीने बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने माती मोकळी करत जा, केस विंचरतात तशी. मध्ये मध्ये फवारा मारत राहा. बारीक मुळं उन्हावाऱ्यात काही मिनिटांतच सुकतात आणि सुकलेलं मूळ परत जिवंत होत नाही.

आता गोळा उलटा करून खालून बघा. खोडाच्या बरोबर खाली जाणारं जाड मूळ असेल तर ते बुडाशी कापा. आडवी पसरलेली मुळं ठेवा, त्यांची टोकं थोडी छाटा. एकावर एक चढलेल्या दोन मुळांपैकी एक काढा. प्रत्येक काप स्वच्छ आणि खालच्या बाजूला तोंड असलेला हवा. पहिल्या वेळी एकूण मुळांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. जाड मुळांना बारीक तंतू कमी असतील तर त्याहूनही कमी.

टबात दोन इंच मिश्रण पसरून त्यावर फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर अर्धा इंच मिश्रण आणि त्यावर झाड. मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंना पसरवा. फरशीमुळे मुळांना खाली जायला वाट मिळत नाही, ती आडवीच जाड होतात. पुढे जमिनीला धरून बसल्यासारखा दिसणारा बुंधा यातूनच तयार होतो. हे काम आत्ता केलं नाही तर पाच वर्षांनी करता येत नाही.

मग झाड बांधा. भोकांतून वर घेतलेली तार मुळांच्या गोळ्यावरून नेऊन पीळ द्या, तारेखाली रबराचा तुकडा ठेवा. खोड धरून हलवलं तर टब हलला पाहिजे, झाड नाही. हा टप्पा हटकून गाळला जातो आणि पुनर्लावणीनंतर झाडं मरण्याचं मोठं कारण हेच असतं: वाऱ्याने झाड डुलतं, नुकती फुटलेली केसाएवढी मुळं रोज तुटतात, आणि मालकाला वाटतं पाणी कमी पडलं.

उरलेलं मिश्रण भरताना मुठीने दाबू नका. काडी खुपसून हलवत राहा, म्हणजे खडे मुळांमध्ये जाऊन बसतील. शेवटी तळातून नितळ पाणी येईपर्यंत भरपूर पाणी द्या. एक तृतीयांश पानं काढून टाका. दोन ते तीन आठवडे उजेडाच्या पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. महिना-दीड महिना खत नाही.

काही पानं पिवळी पडून गळतील, गळू द्या. सगळीच गळाली तर खोडावर नखाने हलकं खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. अशा वेळी घाबरून रोज पाणी ओतणं म्हणजे त्याला बुडवणं. पानं नसलेलं झाड पाणी पीतच नाही, मिश्रण ओलं राहतं आणि मुळं सडतात.

खोड जाड कसं होतं

पानांमुळे. जेवढी पानं जास्त आणि जेवढ्या फांद्या मोकळ्या वाढतील, तेवढं खोड भरेल. म्हणून मुळांचं काम झाल्यावर निदान वर्षभर कात्री बाजूला ठेवा. झाड झिपरं, वेडंवाकडं दिसेल. दिसू द्या. ऊन, पाणी, खत भरपूर द्या. अंगण असेल तर फरशीसकट जमिनीत लावा; टबात तीन वर्षांत होतं ते जमिनीत अंदाजे एका-दीड वर्षात होतं.

बुंधा जाड करायची एक युक्ती आहे. खालची एक फांदी मुद्दाम न छाटता हवी तेवढी लांब वाढू द्यायची. ती दोन-तीन फूट गेली की तिच्या खालचा बुंधा ठळकपणे जाड होतो. काम झालं की फांदी कापून टाकायची. ती मागच्या बाजूला असेल अशीच निवडा, कारण व्रण राहतो.

बुंधा मनासारखा जाड झाला की खोड कापायचं. समजा तुम्हाला शेवटी ३० सेंमीचं झाड हवंय आणि बुंधा ५ सेंमी जाड झालाय (उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढी जाडी डोळ्यांना भारदस्त वाटते). तर खोड १० ते १२ सेंमीवर, एखाद्या डोळ्याच्या किंवा बारीक फांदीच्या किंचित वर, तिरकं कापा. दोन-तीन आठवड्यांत खोडावर बरेच कोंब येतील. त्यातला कापाजवळचा एक कोंब नवा शेंडा म्हणून ठेवा आणि मोकळा वाढू द्या. तो खालच्या खोडाच्या दोन तृतीयांश जाडीचा झाला की त्यालाही ५-७ सेंमीवर कापा आणि पुढचा कोंब उलट दिशेचा निवडा. असं दोन-तीनदा केलं की खोड तळाशी जाड, वर निमुळतं आणि जागोजागी वळलेलं होतं. तारेने वाकवलेल्या सरळसोट खोडाला हा निमुळतेपणा कधीच येत नाही. ते नागमोडी पाइपासारखं दिसतं.

खोड मार्च ते ऑगस्ट यादरम्यान कापा आणि ज्या वर्षी मुळं छाटली त्या वर्षी कापू नका. नांदरुकाचा चीक पांढरा, चिकट असतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका, कपड्यावर पडला तर डाग जात नाही. पाण्याचा फवारा मारला की चीक थांबतो, कात्रीवरचा चीक खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो. जखम अंगठ्यापेक्षा मोठी असेल तर बोनसायची कट पेस्ट किंवा लाकडाचा पांढरा गोंद लावा. हळद लावायची पद्धत आहे, त्याने नुकसान नाही, पण जखमेचं तोंड बंद होत नाही.

जाड खोडाचा जवळचा रस्ता: गुटी

थांबायची तयारी नसेल तर गुटी कलम करा, म्हणजे मोठ्या झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडायची आणि मग ती कापून लावायची. सोसायटीच्या कुंपणाला किंवा ओळखीच्यांच्या बंगल्याबाहेर नांदरुक असतोच आणि पावसाळ्याआधी त्याची छाटणी होते. परवानगी घेऊन त्यातली दोन-तीन सेंमी जाडीची, वळणदार, बारीक फांद्या असलेली फांदी हेरा.

जून-जुलैमध्ये फांदीवर गोल दोन काप घेऊन त्यांच्या मधली साल बांगडीसारखी काढा. ही पट्टी फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंद हवी. साल निघाल्यावर आत ओलसर, बुळबुळीत थर राहतो, तो चाकूने पूर्ण खरवडून लाकूड कोरडं करा. बिघाड इथेच होतो: तो थर राहिला तर झाड महिनाभरात साल परत जोडून घेतं आणि मुळं फुटतच नाहीत. वरच्या कापाला मुळं फुटायची पावडर लावा, भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं सुकं शेवाळ) मूठभर गुंडाळा, त्यावर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. बाहेरून काळी पिशवी बांधा.

चार ते सहा आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. लगेच कापू नका. मुळं वाढून थोडी तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली फांदी कापा, निम्मी पानं काढा आणि मॉस न काढता टबात बांधून लावा. ओढून मॉस सोडवायला गेलात तर मुळं काचेसारखी तुटतात. गुटीचा मोठा फायदा म्हणजे मुळं कापाच्या कडेने सगळीकडून फुटतात, म्हणजे फरशीने करायचं काम झाड स्वतःच करतं.

फांद्या, कात्री आणि तार

आता झाडाभोवती फिरून बघा आणि समोरची बाजू ठरवा. जिथून मुळांचा पसारा सगळ्यात चांगला दिसतो आणि मोठे व्रण दिसत नाहीत, ती समोर. पहिली फांदी उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर, एका बाजूला. दुसरी थोडी वर, विरुद्ध बाजूला. तिसरी मागे, तिच्याशिवाय झाड कागदावर चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. वर जाताना फांद्या बारीक आणि जवळ जवळ. एकाच जागेवरून तीन-चार फांद्या निघत असतील तर एक ठेवून बाकीच्या काढा. नाहीतर तिथे गाठ फुगते आणि खोड वरच जाड दिसायला लागतं.

नांदरुकासाठी निम्मं काम कात्रीनेच होतं. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेत तारेऐवजी हीच पद्धत रूढ आहे आणि ती आपल्या उष्ण-दमट हवेला चपखल बसते. कोंब ६ ते ८ पानांपर्यंत वाढू द्यायचा, मग दोन पानं ठेवून कापायचा. ज्या दिशेला पुढची फांदी हवी, त्या दिशेचं पान शेवटी ठेवायचं, कारण कोंब त्याच्याच बेचक्यातून येतो. पावसाळ्यात हे महिन्या-दीड महिन्याने करावं लागतं. नवी फांदी जाड व्हायच्या आधीच टोकं खुडत बसलात तर मात्र ती काडीसारखीच राहील.

तार लागते ती फांदी खाली आणायला. ॲल्युमिनियमची ॲनोडाइज्ड तार घ्या, फांदीच्या एक तृतीयांश जाडीची. फांदी ६ मिमी असेल तर २ मिमी तार. लांबी फांदीच्या दीडपट कापा. एक तार दोन फांद्यांना पुरवायची: आधी मधल्या खोडाला निदान एक पूर्ण वेढा, मग एक टोक या फांदीवर, दुसरं त्या फांदीवर. वेढे ४५ अंशांत, सगळे सारख्या अंतरावर, सालीला टेकलेले पण आवळलेले नकोत. तार पानांवरून न नेता देठाच्या बाजूने न्या. फांदी वाकवताना बाकाच्या बाहेरच्या बाजूला तार असली पाहिजे; ती सालीला आधार देते. दोन्ही अंगठे आतल्या बाजूला टेकवून हळूहळू वाकवा. करकर ऐकू आली की थांबा. उरलेलं वाकवणं दोन आठवड्यांनी.

पावसाळ्यात नांदरुक इतक्या वेगाने जाड होतो की तार महिन्याभरातही सालीत रुतू शकते. दर आठवड्याला बघा. रुतायला लागली की तार उलट फिरवून सोडवायचा मोह टाळा. प्रत्येक वेढ्यावर कटरने तोडून तुकडे काढा. फांदी परत वर आली तर नवी तार, थोड्या वेगळ्या जागेवरून. सालीवर पडलेले सर्पिल चट्टे वर्षानुवर्षं जात नाहीत.

पानं लहान करण्यासाठी मे-जूनमध्ये सगळी पानं देठ ठेवून कात्रीने कापता येतात. दोन-तीन आठवड्यांत नवी, लहान पानं येतात. हे फक्त धडधाकट, खत खाल्लेल्या झाडावर, वर्षातून एकदा, आणि मुळं छाटलेल्या वर्षी अजिबात नाही. खोड अजून जाड करायचं असेल तर पानं कापून उपयोग काय?

आता ट्रे

लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीएवढी. ३० सेंमीच्या झाडाला २० सेंमी लांब, ५ सेंमी खोल ट्रे. पाण्याची मोठी भोकं आणि तार बांधायला बारीक भोकं असलेलाच घ्या. आतून चकचकीत लेप असलेला घेऊ नका. लावायची पद्धत टबासारखीच: जाळी, तार, मिश्रण, बांधणं. झाड ट्रेच्या बरोबर मध्यावर न ठेवता किंचित बाजूला आणि किंचित मागे ठेवा. पुढे दर दोन वर्षांनी काढून मुळांचा बाहेरचा आणि खालचा एक तृतीयांश भाग छाटा आणि नवं मिश्रण भरा. पाणी वरच साचून राहायला लागलं, किंवा झाड ट्रेमधून वर उचलल्यासारखं दिसलं, की मुळं दाटली असं समजा.

कोंडून ठेवल्याने झाडाचं आयुष्य घटतं, ते त्याच्यावर अन्याय आहे, असं घरातली वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोनसाय संग्रहात १६२५ पासून जोपासलेला एक जपानी पाइन आहे. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडचा. अणुबॉम्बमधून वाचलेला हा पाइन १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला दिला. मुळं वेळेवर छाटली आणि माती बदलली तर ट्रेमधलं झाड माणसांच्या पिढ्या ओलांडतं.

ऊन, पाणी, खत

बोनसाय दिवाणखान्यात राहत नाही. टीपॉयवर ठेवलेलं नांदरुक आधी पानं गाळतं, मग लांब, फिकट कोंब काढतं आणि वर्ष-दोन वर्षांत संपतं. रोज निदान चार-पाच तास थेट ऊन हवं; पाहुण्यांसाठी दोन दिवस आत आणायला हरकत नाही.

पाणी वेळापत्रकाने देऊ नका. बांबूची काडी मिश्रणात दोन बोटं खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर थांबा, जेमतेम दमट निघाली तर द्या, आणि द्याल तेव्हा तळातून वाहेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये उथळ ट्रेला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हात ५० टक्क्यांची हिरवी शेडनेटही लागते. गच्चीवर ट्रे थेट फरशीवर ठेवू नका, विटांवर ठेवा. तापलेल्या फरशीने तळाची मुळं शिजतात. पावसाच्या झडीत ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सारून तो तिरका करा, साचलेलं पाणी निघून जातं.

खताला शेंगदाणा पेंड उत्तम. १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात चार-पाच दिवस झाकून भिजवा, गाळून दहापट पाणी मिसळा आणि वाढीच्या दिवसांत पंधरवड्याने द्या. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नको असेल तर १९:१९:१९ विद्राव्य खत, लिटरला १ ग्रॅम. आजारी झाडाला खत म्हणजे तापलेल्या माणसाला बासुंदी.

नांदरुकाची पानं मधोमध घडी घातल्यासारखी मिटली आणि आत काळे बारीक किडे दिसले, तर ते फुलकिडे. फवारा घडीच्या आत पोचत नाही, तेव्हा ती पानं खुडून पिशवीत बांधून टाका. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने पुसून काढा, मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

जेड आणि बोगनवेल

जेडचे नियम नेमके उलटे. मुळं छाटल्यावर पाणी द्यायचं नाही: कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर कोरडंच ठेवा, नाहीतर कापलेली मुळं सडतात. फांदीचा तुकडाही दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मगच लावायचा. मिश्रणात खत नाममात्र. पावसाळ्यात वळचणीला ठेवा. तार शक्यतो नको, खोड मऊ असल्याने लगेच रुतते. कात्रीने प्रत्येक जोडीवर छाटत राहिलं की आपोआप दाट होतं.

बोगनवेलीची जुनी खोडं बंगल्यांच्या दुरुस्तीत उपटून फेकलेली सापडतात. मनगटाएवढं खोड, मुळं जवळपास नसली तरी, जूनमध्ये रेतीत रोवलं तर बहुधा फुटतं. फुटलेला पहिला पाला बघून ओढून तपासू नका. कोंब आधी खोडातल्या साठ्यावर येतात, मुळं नंतर. दोन-तीन महिने जागचं हलवू नका. जुनी फांदी वाकवली तर कांडीसारखी मोडते, म्हणून तार फक्त हिरव्या कोंबांना. मोठे काप भरत नाहीत, आत कुजत जातात, तेव्हा त्यांना पेस्ट लावाच. आणि फुलं हवी असतील तर पावसाळा संपल्यावर खतातला नत्र कमी करा, पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी तोडा, मग द्या. असं दोन-तीन आठवडे केलं की टोकांना रंग दिसायला लागतो.

पारंब्या हव्या असतील तर

मुंबई-कोकणच्या दमट हवेत नांदरुकाला पारंब्या आपोआप सुटतात. पुण्या-नाशकाकडे त्या बोटभर लांब होऊन सुकतात. तिथे सरबताची प्लॅस्टिकची नळी उभी चिरून पारंबीभोवती बसवा, आत ओलं मॉस भरा आणि नळीचं खालचं टोक मिश्रणात रोवा. रोज वरून थोडं पाणी सोडा. पावसाळ्याच्या सुरुवातीला हे केलं तर पारंबी सहसा दोन महिन्यांत मातीला लागते. नळी मात्र लगेच काढू नका, पारंबी जमिनीत धरून ताठ झाली की काढा. एका झाडाला दोन-तीन पारंब्या पुरे. दहा ठेवल्या तर झाड पिंजऱ्यात उभं असल्यासारखं दिसतं.